रंगीत पिल्लू आणि मुलांचे प्रश्न

पालकहो, जत्रेत किंवा आठवडी बाजारात पुठ्ठ्याच्या खोक्यात गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं चिवचिवत असतात. मूल तिथून हलायला तयार नसतं. किंमत किरकोळ असते, आपणही गर्दीने दमलेले असतो, आणि एक पिल्लू घरी येतं. बहुतेक घरांत ते दोन-चार दिवसांत मरतं. मूल रडतं. ‘आजारी होतं रे ते’ असं म्हणून आपण विषय संपवतो.

पण ते आजारी नव्हतं. अंड्यांसाठी कोंबड्या पैदा करणाऱ्या हॅचरीत एकविसाव्या दिवशी अंडी फुटतात, तेव्हा साधारण निम्मी पिल्लं नर निघतात. हा नर अंडी देणार नाही आणि ब्रॉयलरसारखा झटपट अंगही धरणार नाही, म्हणून त्याला दाणा घालणं परवडत नाही. जन्मल्या दिवशीच ही पिल्लं वेगळी काढतात. बहुतेक तिथेच मारली जातात. काही रंगात बुडवून बाजारात पाठवली जातात, तीच आपल्याला दिसतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. ती कोंबडीच्या पंखाखाली मिळते किंवा दिव्याखाली. आपल्या घरातल्या बुटांच्या खोक्यात ते गारठतं, आणि वर मुलांचे हात दिवसभर त्याला उचलत असतात.

त्याच्या बहिणींचं काय होतं, तेही मुलाला कधीतरी कळायला हवं. पिंजऱ्याच्या पोल्ट्रीत एका कोंबडीच्या वाट्याला छपाईच्या साध्या ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते. खाली तिरकी जाळी असते, अंडं घरंगळत पुढे जावं म्हणून. तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. ज्यांच्या आजोळी परसात खुराडं होतं त्यांना आठवेल, अंड्यावर आलेली कोंबडी कोपरा शोधत कशी बेचैन फिरायची. पिंजऱ्यातली कोंबडीही तशीच बेचैन होते. वर्षाला सुमारे ३०० अंडी देऊन, दीडेक वर्षाने उतार पडला की तिलाही विकून टाकतात.

हे सगळं पाच वर्षांच्या मुलाला सांगू नका. पण जेवताना त्याने विचारलं, ‘आई, ही कोंबडी जिवंत होती?’ तर ‘हो, होती’ एवढं खरं उत्तर त्याला द्या. ‘मग तिला दुखलं असेल?’ याचंही उत्तर ‘हो’ असंच आहे. ‘गप जेव’ म्हटलं की मूल जेवतं, पण आपल्याला हे विचारायचं नसतं, हेही त्याच वेळी शिकतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते. दुसऱ्याच्या वेदनेकडे बघायचं नाही ही सवय फक्त कोंबडीपुरती राहत नाही.

शाकाहारी घरातल्या पालकांनो, हा प्रश्न तुमच्याही दारात आहे. म्हैस दूध देते ती व्याल्यावर. झालेलं पारडू मादी असेल तर निभावतं. नर असेल तर त्याला पाजलेलं दूध हा तोटाच धरला जातो. शहरालगतच्या कितीतरी तबेल्यांत पान्हा सोडण्यापुरतं त्याला आचळाला लावतात आणि लगेच ओढून बाजूला बांधतात. पुढे ते खंगत जातं. आपल्या घरातला चहा आणि श्रीखंड त्याच दुधाचं असतं. तेव्हा वर्गातल्या कुणाच्या डब्यात सुकट किंवा अंडाकरी दिसली म्हणून आपलं मूल नाक मुरडत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. प्राण्याबद्दलची कळवळ आणि माणसाबद्दलची शिवाशिव या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीच्या नावाखाली दुसरी फार वर्षं खपवली गेली आहे.

मी कुणाला मांसाहार सोडा असं सांगत नाही. कोळ्याच्या घरात मासळी हे अन्नही आहे आणि रोजीही. पण खाणं आणि छळणं यांत फरक करता येतो, आणि मोठ्यांनी तो करायलाच हवा. पाय बांधून दुचाकीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण रोज बघतो. अनावश्यक यातना होतील अशा रीतीने प्राण्याची वाहतूक करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मुलाला हे सांगा. नेहमीच्या दुकानदारालाही विचारा, कोंबड्या कशा आणता, पिंजऱ्यात इतक्या का कोंबता. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदाराला दखल घ्यावी लागते. परसातल्या कोंबडीची अंडी महाग पडतात, तर आठवड्यात दोन कमी आणा. आणि रंगीत पिल्लू विकत घेऊ नका, मुलाने रस्त्यात लोळण घेतली तरी. एक घेतलं की त्या धंद्याला पुढची खेप आणायचं कारण मिळतं.

दहा-बारा वर्षांचं एखादं मूल एक दिवस म्हणेल, ‘मी यापुढे मटण खाणार नाही.’ त्याची थट्टा करू नका, काकांसमोर तर मुळीच नको. ‘चार दिवसांचं खूळ’ असंही म्हणू नका. त्याच्यासाठी मटकीची उसळ, हरभरे, शेंगदाणे, डाळ यांची सोय करा. वर्षभराने त्याने पुन्हा खायला मागितलं, तर टोमणा न मारता वाढा.