हातापायांचा मेळ

पाश्चात्त्य ड्रमसंचातील मोठा ढोल पायाने वाजवितात. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ साली त्यासाठी सुटसुटीत पेडल सिद्ध केले आणि हातांचे काम पायांकडेही आले.

प्रथम केवळ हातांचा अभ्यास करावा : उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. या रचनेस ‘पॅराडिडल’ म्हणतात. मिनिटास साठ मात्रांची लय धरून दर मात्रेस दोन आघात करावेत. जोड आघातांतील दुसरा हमखास दुबळा पडतो. तो पहिल्याइतकाच भरीव हवा.

मग प्रत्येक मात्रेस उजव्या पायाने ढोल वाजवावा. खरी अडचण येथेच येते. पहिल्या दोन मात्रांना पायासोबत उजवाच हात येतो. तिसऱ्या मात्रेस मात्र एकाएकी डावा, आणि पाय बावरतो. हातापायांचे आघात मागेपुढे होऊन एकाऐवजी दोन ध्वनी उमटतात. अशा वेळी लय वाढविण्याचा मोह (तो सर्वांनाच होतो) आवरून तेवढीच मात्रा वेगळी काढून घोटावी. दोन्ही ध्वनी एकजीव झाल्यावरच डाव्या पायाने दुसऱ्या व चौथ्या मात्रेस हाय-हॅटच्या झांजा मिटाव्यात.