एडिनबरा आणि ग्लासगो : तीन रात्रींचा हिशेब

स्कॉटलंडच्या शहरांत बघायला फारसे पैसे लागत नाहीत, झोपायला लागतात. एडिनबरातलं नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंड आणि नॅशनल गॅलरी, ग्लासगोतलं केल्व्हिनग्रोव्ह, रिव्हरसाइड आणि बरेल कलेक्शन, या सगळीकडे प्रवेश फुकट आहे. आर्थर्स सीट या २५१ मीटर उंचीच्या टेकडीवर चढायला तर तिकीटच नाही. ऑगस्टमध्ये मात्र त्याच एडिनबरातली साधीशी खोली दुप्पट-तिप्पट भावाने जाते. म्हणून आधी तारखा ठरवा, मग मुक्काम. बाकीचं आपोआप जमतं.

ऑगस्टभर एडिनबरात फ्रिंज महोत्सव असतो, १९४७पासूनचा. शिवाय किल्ल्यावर लष्करी बँडचा 'टॅटू' नावाचा कार्यक्रम. ३१ डिसेंबरच्या आसपास नववर्षाची गर्दी असते. खास त्यासाठीच जायचं असेल तर जरूर जा, पण पहिल्या छोट्या भेटीत शहर बघायचं असेल तर हे दिवस टाळा. ऐन हिवाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, पण डिसेंबरात पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे पैसे वाचले तरी दिवस अर्धाच हाती लागतो. माझं मत मे किंवा सप्टेंबरला. मुलांच्या सुट्ट्या बघता मे आपल्याला सोयीचा, आणि तेव्हा तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसा स्कॉटलंडला चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५पासून १२७ पौंड झालं, नंतर वाढलेलं असू शकतं, तेव्हा अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. पौंडाला १२० रुपये धरले तर (पुढचा सगळा हिशेब याच दराने) दोघांचे तीस हजार घरातून निघण्याआधीच जातात. मुंबई-पुण्याहून एडिनबरा किंवा ग्लासगोला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा लंडनमार्गे जावं लागतं. एवढा खर्च करून फक्त तीन रात्रींसाठी जाणं मला तरी पटत नाही. लंडनची सहल ठरत असेल, किंवा मुलगी-जावई तिकडे राहत असतील, तर त्या प्रवासालाच ही जोड द्यावी. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबराला रेल्वेने साधारण साडेचार तास लागतात. तिकीट काही आठवडे आधी काढलं तर पुष्कळदा ३० ते ६० पौंडांत मिळतं. आयत्या वेळी खिडकीवर गेलात तर शंभराच्या पुढे.

मुक्कामाचा प्रश्न असा, की ही दोन शहरं रेल्वेने जेमतेम पन्नास मिनिटांवर आहेत. मग दोन्हीकडे सामान ओढत कशाला फिरायचं? एकाच ठिकाणी तीन रात्री राहा आणि दुसरं शहर एका दिवसात करून या. राहायचं कुठे, ते हिशेबच सांगतो. स्कॉटरेलने सप्टेंबर २०२५मध्ये गर्दीच्या वेळेचे चढे दर कायमचे बंद केले, त्यामुळे सकाळच्या गाडीनेही जाऊन-येऊन तिकीट साधारण १७ पौंडांना पडतं. दोघांचे ३४. साध्या दिवसांत एडिनबरात दोघांची बरी खोली १०० पौंडांच्या आसपास मिळते, ग्लासगोत वीस-तीस पौंडांनी स्वस्त. म्हणजे ग्लासगोत राहून रोज एडिनबराला जाण्यात वाचतं ते रेल्वेच घेऊन जाते. ऑगस्टमध्ये मात्र गणित उलटतं आणि ग्लासगोत राहणं शहाणपणाचं ठरतं. रात्रीचा कार्यक्रम लांबला तरी दोन शहरांमधली सिटीलिंकची बस रात्रभर चालू असते.

खोलीच्या भावात आणखी एक आकडा मिळवायचा. २४ जुलै २०२६पासूनच्या मुक्कामांवर एडिनबरा महापालिकेचा ५ टक्के पर्यटक कर आहे, सलग मुक्कामातल्या पहिल्या पाच रात्रींपुरता. ग्लासगोतही तेवढाच कर २५ जानेवारी २०२७पासून. बुकिंग करताना दिसणाऱ्या रकमेत तो धरलाय की हॉटेलवर पोचल्यावर मागणार, एवढं विचारून घ्या.

एडिनबराच्या विमानतळावरून गावात यायला ट्रामचे साधारण ८ पौंड, बसचे त्याहून दोनेक कमी. बस वेव्हर्ली स्टेशनाजवळ सोडते, वेळही साधारण तेवढाच. गावातल्या बसला दोन पौंडांच्या थोडं वर तिकीट. चढताना कार्ड टेकवलंत तर दिवसाला साडेपाच पौंडांच्या आसपास मर्यादा आपोआप लागते. पण मर्यादा प्रत्येक कार्डाची स्वतंत्र, म्हणून दोघांनी दोन कार्डं वापरायची. ग्लासगोचा भुयारी मार्ग १८९६चा आहे. पंधरा स्थानकांचं एकच वर्तुळ असल्याने चुकायची सोयच नाही.

तिकीट काढून बघावं असं एकच ठिकाण सांगेन, एडिनबराचा किल्ला. माणशी २० ते २५ पौंड. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, दारात ते महाग पडतं आणि गर्दीच्या दिवशी मिळतंच असं नाही. दुपारी एकची तोफ रविवार सोडून रोज होते, तिचा आवाज खाली प्रिन्सेस स्ट्रीटवर फुकट ऐकू येतो. लॉक नेसची एका दिवसाची बसही बरेच जण घेतात. तीन दिवसांच्या भेटीत बारा तास बसच्या खिडकीत घालवू नका.

जेवणाला माणशी रोज ३० पौंड पुरतात. दुपारी सुपरमार्केटचं सँडविच, पेय आणि चिप्सचं पाकीट मिळून चार-पाच पौंड, रात्री कुठेतरी बसून गरम जेवण १५ ते २०. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे. घरी वजडी होत असेल तर हॅगिस या मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाच्या पदार्थाचं नवल वाटणार नाही. शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळतं. शाकाहाऱ्यांनी, आणि बीफ न खाणाऱ्यांनीही, सावध राहायचं ते तळलेल्या बटाट्यांपाशी. फिश अँड चिप्सच्या पुष्कळ दुकानांत तळण गाईबैलाच्या चरबीत होतं. विचारलं तर सरळ सांगतात.

दोघांचं तीन रात्रींचं मिळून बघू. खोलीचे ३००, करासाठी १५, विमानतळाची बस जाऊन-येऊन २४, एडिनबरातले दोन दिवस बसचे २२, ग्लासगोची रेल्वे ३४ आणि तिथला भुयारी मार्ग ८, किल्ला ४५, जेवण १८०. एकूण ६२८ पौंड, म्हणजे पंचाहत्तर हजार रुपये. व्हिसा आणि विमान वेगळं. कार्ड मशीनवर 'रुपयांत की पौंडांत' असं विचारलं तर पौंडच निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग असतो.

व्हिस्कीबद्दल विचारणारे असतातच. उगमस्थानी ती स्वस्त असेल ही समजूत सोडा. स्कॉटलंडमध्ये मद्याला किमान किंमत कायद्याने ठरवलेली आहे, सप्टेंबर २०२४च्या अखेरीपासून युनिटला ६५ पेन्स. म्हणजे ७०० मिलिलिटरची ४० टक्क्यांची कुठलीही बाटली १८ पौंड २० पेन्सच्या खाली विकताच येत नाही, आणि दुकानांतली विक्रीही सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्याच वेळात होते. पर्यटकांना दुकानांतल्या खरेदीवर मिळणारा व्हॅटचा परतावाही ब्रिटनने २०२१पासून बंद केलाय. बाटली विमानतळावर घ्या.

रोख लागलीच तर थोडीच काढा. तिथल्या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. पैसे तेच, पण लंडनमधला एखादा दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतो आणि भारतात त्या बदलून मिळणं कठीण जातं. उरलेल्या असल्या नोटा परतीआधी हॉटेलच्या बिलात खपवून टाका.