वाहनाची समोरची काच : निदान, उपचार आणि विमा

बेळगावहून कोल्हापूर, धारवाड किंवा चोर्ला घाटाने गोवा असा प्रवास आपल्या संघटनेच्या बहुतेक सभासदांना वारंवार घडतो. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडीचा तुकडा समोरच्या काचेवर आदळतो आणि क्षणार्धात तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखी रेषा उमटते. अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो तो ‘विमा मिळेल का?’ हा. प्रश्न रास्त आहे. परंतु तो दुसरा असावयास हवा. ही काच वाहनात नेमके कोणते कार्य करते, हा प्रश्न पहिला. त्याचे उत्तर ठाऊक असले की विम्याचा निर्णयही योग्य होतो. बालरोगतज्ज्ञ या नात्याने हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या काचेमागे पुष्कळदा आपली मुले बसलेली असतात.

१. काचेची रचना व कार्य

वाहनाच्या दारांच्या काचा बहुधा तापवून एकदम थंड केलेल्या, म्हणजे टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचे बारीक, बोथट दाणे होतात. समोरची काच मात्र लॅमिनेटेड असते. काचेच्या दोन पातळ थरांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या चिवट प्लास्टिकचा पापुद्रा बसविलेला असतो. काच तडकली तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. एडुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अशा काचेचे पेटंट १९०९ साली घेतले.

वारा आणि धूळ अडविणे हे या काचेचे केवळ वरकरणी कार्य. अपघातात प्रवासी बाहेर फेकला जाऊ नये, वाहन उलटल्यास छताला आधार मिळावा, हेही तिचेच काम आहे. शिवाय अनेक मोटारींत पुढील प्रवाशाची एअरबॅग वर उसळून या काचेला टेकते आणि मगच प्रवाशाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल, तर ती एअरबॅगच्या दाबाने निखळू शकते. मग एअरबॅग असून नसल्यासारखीच.

२. तडा : दुरुस्ती की बदल?

प्रत्येक तड्याला नवी काच लागत नाही. रुपयाच्या नाण्याहून लहान, काचेच्या कडेपासून दूर आणि चालकाच्या थेट दृष्टिपथात नसलेला टवका बहुधा रेझिन भरून दुरुस्त होतो. मात्र त्यात धूळ वा पाणी शिरले की रेझिन नीट धरत नाही. म्हणून टवका पडताच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि शक्य तितक्या लवकर दुरुस्तीस जावे. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतणे किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट काचेवर सोडणे टाळावे; तापमानातील अशा फरकाने तडा पसरतो. तडा कडेपर्यंत पोहोचला असेल, लांब असेल, आतील थरापर्यंत गेला असेल अथवा चालकाच्या नजरेसमोर असेल, तर काच बदलणे हाच उपचार होय.

३. विमा काय देतो?

केवळ तृतीय पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा असेल तर काचेसाठी काहीही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ हा भाग चालू असावा लागतो. इथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घेणे बंधनकारक झाले. त्यामुळे ‘विमा तीन वर्षांचा आहे’ असे अनेक जण धरून चालतात. परंतु ओन डॅमेजचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो आणि नकळत संपून गेलेला असतो. पॉलिसीवरील दोन्ही मुदती आजच पाहून घ्याव्यात.

ओन डॅमेज चालू असल्यास काचेच्या किमतीवर घसारा कापला जात नाही. धातूच्या भागांवर वाहनाच्या वयाप्रमाणे आणि रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा लागतो. काचेवर तो शून्य असतो. अर्थात काचेभोवतीच्या रबरी पट्टीवर ही कपात होऊ शकते, आणि चिकटद्रव्यासारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी निराळे पूरक संरक्षण लागू शकते. याखेरीज प्रत्येक क्लेममधून सक्तीची वजावट होते : १५०० सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीस १,००० रुपये व त्यावरील मोटारीस २,००० रुपये.

४. क्लेम करावा की करू नये?

क्लेम केला की ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येतो. हा बोनस ओन डॅमेजच्या हप्त्यावर क्लेमविरहित वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशा पायऱ्यांनी वाढतो. एक काल्पनिक हिशेब पाहू. मूळ हप्ता वार्षिक १२,००० रुपये, बोनस ५० टक्के आणि काचेचा खर्च ९,००० रुपये धरू. वजावट जाऊन विमा कंपनी साधारण ८,००० रुपये देईल. पण पुढील पाच नूतनीकरणांत आपण अनुक्रमे ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० व ६०० रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपये जादा भरू. वाहन जुने होते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरीही अशा स्थितीत खर्च स्वतः सोसणे श्रेयस्कर.

याउलट काचेवर कॅमेरा व संवेदक असलेल्या नव्या मोटारींत काच बदलून कॅमेऱ्याचे पुन्हा अंशांकन करण्याचा खर्च कितीतरी अधिक होतो. तिथे क्लेम करणेच शहाणपणाचे. ‘बोनस संरक्षण’ हे पूरक कलम घेतले असेल तर त्याच्या अटी आधी वाचाव्यात. बोनस हा वाहनाचा नसून वाहनमालकाचा असतो व नव्या मोटारीला लावता येतो, हेही हिशेबात धरावे. मात्र बोनस वाचविण्याच्या विचारात तडकलेली काच महिनोन्महिने तशीच ठेवणे, हा या हिशेबातील सर्वांत महागडा पर्याय होय.

५. क्लेमची रीत

काच काढण्यापूर्वी विमा कंपनीस कळवावे व क्लेम क्रमांक घ्यावा. वाहन क्रमांक दिसेल असे एक आणि तड्याचे जवळून एक, अशी छायाचित्रे काढावीत. सर्वेअरची पाहणी, प्रत्यक्ष वा व्हिडिओद्वारे, झाल्याशिवाय काम सुरू करू नये. नोंदणीपुस्तक, पॉलिसी आणि त्या वेळी वाहन चालविणाऱ्याचा वैध परवाना लागतो. आपल्या चालकाच्या परवान्याची मुदत तपासून ठेवावी. दंगल, दगडफेक किंवा रुग्णालयाबाहेरील जमावाच्या रोषात काच फुटल्यास पोलिसांत रीतसर फिर्याद द्यावी. अशी हानीही ओन डॅमेजमध्ये अंतर्भूत असते. कंपनीच्या यादीतील गॅरेजमध्ये रोकडविरहित सोय मिळते. अन्यत्र आधी पैसे भरून नंतर परतावा घ्यावा लागतो.

क्लेम नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास अथवा समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बंगळूर येथे आहे.

६. काच बसविताना

शस्त्रक्रियेइतकीच नंतरची शुश्रूषाही महत्त्वाची असते. काच ज्या चिकटद्रव्याने बसवितात ते घट्ट होण्यास वेळ लागतो. तो द्रव्याचा प्रकार, तापमान व हवेतील आर्द्रता यांवर अवलंबून असतो. ‘वाहन किती वेळाने चालवावे?’ हे कारागिरास विचारावे आणि ते बिलावर लिहून घ्यावे. तोवर वाहन हलवू नये. पुढे एक-दोन दिवस दारे जोराने आपटू नयेत, दाबाच्या पाण्याने धुलाई करू नये. जुन्या चौकटीवरील गंज काढून प्राइमर लावला आहे का, तेही पाहावे. नव्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार व्हावा असा नियम आहे. तिच्यावर मानकाचा शिक्का असावा. जुन्या काचेबरोबर फास्टॅग व नोंदणीचे रंगीत स्टिकरही जातात. त्यांचे नवे घेण्यास विसरू नये.

समारोप

सुस्थितीतील काच ही संरक्षणाची एक कडी आहे. ती एकटी पुरेशी नाही. पुढील आसनावर मांडीवर बसविलेल्या बालकाला सर्वोत्तम काचही वाचवू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बालआसनात सुरक्षित नसल्यास १,००० रुपये दंड आहे. चालू एअरबॅगसमोर पाठमोरे बालआसन तर कधीही ठेवू नये. सभासदांनी आपल्या वाहनाची काच, पॉलिसी व बालआसन या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी तपासाव्यात आणि दवाखान्यात येणाऱ्या पालकांनाही तसे सांगावे. रुग्णास सांगावयाचे पथ्य वैद्याने आधी स्वतः पाळावे, ही आपल्या व्यवसायाची जुनीच रीत आहे.