हजेरी १९७१ ची, जेवणारे आजचे

आपल्या मेसमध्ये रोज हजेरीचा आकडा जातो आणि त्याप्रमाणे रेशन निघते. पन्नास कॅडेट सुटीवर गेले, तर पन्नास जणांचे जेवण कमी शिजते. लोकसभेच्या जागांची वाटणी मुळात अशीच ठरली होती. राज्यघटनेच्या ८१व्या कलमानुसार राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात आणि ८२व्या कलमानुसार प्रत्येक जनगणनेनंतर ही वाटणी पुन्हा व्हायची.

परंतु १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यांचा वाटा १९७१ च्या जनगणनेवर गोठवला. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा त्यामुळेच कमी होऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. पुढे ८४व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१ मध्ये देशात सुमारे ५५ कोटी लोक होते, २०११ मध्ये १२१ कोटी झाले.

आता साधे त्रैराशिक मांडू. राज्याची २०११ ची लोकसंख्या १२१ कोटींनी भागायची आणि ५४३ ने गुणायची. उत्तर ढोबळ आहे, पण दिशा कळते.

महाराष्ट्र : आज ४८, उत्तर ५०
कर्नाटक : आज २८, उत्तर २७
तमिळनाडू : आज ३९, उत्तर ३२
केरळ : आज २०, उत्तर १५
उत्तर प्रदेश : आज ८०, उत्तर ९०

केरळचा एक खासदार सुमारे १७ लाख लोकांचा, तर उत्तर प्रदेशचा २५ लाखांचा. मग दोन्हीकडच्या मतांचे वजन सारखे कसे?

अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी नव्याने वाटतात. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्सासला दोन जागा वाढल्या आणि कॅलिफोर्नियाची एक कमी झाली.

आपल्याकडे राज्यांचा वाटा गोठला, तरी राज्याच्या आतल्या सीमा बदलल्या. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची नवी रचना २००८ साली लागू झाली. महाराष्ट्राच्या विधानसभेत जागा २८८ च राहिल्या, पण ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या आणि रत्नागिरीच्या ७ च्या ५ झाल्या. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ, जिथून बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते निवडून येत, तोही रत्नागिरी-सिंधुदुर्गात विलीन झाला.

हा बदल आमच्या घरातला आहे. आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. त्यांचे धाकटे भाऊ ठाण्याला गेले आणि आजोबा नोकरीसाठी बेंगळुरूला, राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत आले. संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ मध्ये संपला. गेल्या सुटीत आजोबा म्हणाले, "आमच्या गावाचं ऐकणारा एक माणूस कमी झाला." मी म्हटले, "आजोबा, पण गाव सोडून आधी आपणच गेलो ना?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गेलो खरे. पण जे मागे राहिले, त्यांचा रस्ता अजून तोच आहे."

मला वाटते, या विषयाचा खरा पेच इथेच आहे. माणसे जिथे गेली तिथे पाणी, शाळा, बस लागतात, म्हणून जागाही तिकडे जायला हवी. राजाजीनगरातल्या गर्दीत राहणाऱ्या मला ते पटते. पण जिथली संख्या घटली, त्या गावाच्या गरजा त्याच प्रमाणात घटत नाहीत, आणि लोकसंख्या आवरणाऱ्या राज्याने आपला आवाज का गमवावा, याचेही उत्तर द्यावे लागेल. लोकसभेच्या एकूण जागा वाढवणे हा एक मार्ग सुचवला जातो. त्यात कोणाची जागा कमी होणार नाही, पण ज्याचा हिस्सा घटायचा तो घटेलच.

पुढची वाटणी होईल तेव्हा आपण मतदार असू. तोवर एक स्वाध्याय करा : आपल्या राज्याचे त्रैराशिक मांडा आणि आलेले उत्तर दुसऱ्या राज्यातल्या मित्राला न्याय्य वाटते का, ते त्यालाच विचारा.