तोंडी लावण्याचा हिशेब

किन्हवलीकडील आम्हा सडपातळ माणसांची अशी एक दृढ समजूत असते की, रक्तदाब आणि मधुमेह ही जोडगोळी पोट सुटलेल्या शहरवासीयांच्याच वाट्याची असून, खाचरांत चिखलणी-लावणी केलेल्या देहास ती शिवत नाही. महसुलाच्या दप्तरात उभी हयात गेलेल्या मलाही निवृत्तीनंतर हाच भरवसा होता. म्हणून रक्तदाब 152 वर 96 आणि उपाशीपोटीची साखर 114 अशी नोंद कागदावर उतरली, तेव्हा मी प्रथम यंत्राविरुद्धच तक्रार केली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी चहा-तंबाखू वर्ज्य करवून, पाच मिनिटे स्वस्थ बसवून, हात टेबलावर टेकवून पुनः मोजले. आकडा किंचित उतरला, पण फिर्याद कायम राहिली.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु चरबी युडकिन यांच्या अंगी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी 21.2! बारीक दिसण्याच्या दाखल्यावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, आणि तिशीनंतर वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

आता मिठाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाकाठी, सर्व पदार्थांतील मिळून, 5 ग्रॅमांहून कमी मीठ खावे. मी वरून मीठ घेत नाही, असे आमच्याकडे जो तो छातीठोकपणे सांगतो. परंतु आगोटीच्या बेगमीचे खारे मासे, कैरीचे लोणचे, पापड आणि सांडगी मिरची ही सारी ‘तोंडी लावणे’ या सदरात जाऊन हिशेबातून परभारे सुटतात. आमच्या सौ. आता खारा मासा तुकडे करून दोन-तीन पाण्यांत भिजवतात, प्रत्येक वेळी पाणी ओतून देतात, आणि कालवणात वेगळे मीठ न घालता आमसुलाने चव आणतात, आणि असे कालवणही क्वचितच होते. लोणचे ताटातून हद्दपार झाले. सैंधव चालते, असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात, पण सैंधव हेही मीठच. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने वा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम असते.

भात सोडा, असे भातपिकाच्या मुलखात सांगणे म्हणजे अरण्यरुदन. मी भाताची मूद निम्मी केली, आधी भाजी आणि डाळ-उसळ, मग भात, असा क्रम लावला, आणि रात्रीच्या जेवणानंतर मुरबाडच्या रस्त्याने पाय मोकळे करून येऊ लागलो; जेवणानंतरच्या साखरेस ही शतपावली फार मानवते. नाचणीची थोरवी मान्य, पण ती पचून साखरच होते. चार भाकऱ्या हादडून कोणी आरोग्याचा दावा करू नये. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर निव्वळ पिष्ट, आणि तिला उपवास म्हणणे ही आमची सोयीस्कर धर्मनिष्ठा!

आकडे खाली येताच गोळी आपल्या अखत्यारीत बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. माझी एक गोळी चालू आहे. घरी मोजलेला दाब मी तारीखवार वहीत उतरवतो, आणि गोळी कमी करण्याचा फैसला ती वही पाहून डॉक्टरच करतील.