उत्पादक कंपनीचे संचालक होताना

आळे परिसरात कांदा-टोमॅटो पिकवणारे आपण दहा जण एकत्र आलात की शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. मग 'जागतिक दर्जाचा कारभार' शिकवणारे सल्लागारही येतात. त्यांचे ऐकण्याआधी पुढील क्रमाने जावे.

१. मालकी कोणाच्या हाती आहे, ते पाहा. अमेरिका-ब्रिटनमधल्या बड्या कंपन्यांचे शेअर बहुधा असंख्य हातांत विखुरलेले असतात, त्यामुळे तिथे धाक असतो तो पगारी व्यवस्थापकांचा. एन्रॉन ही बडी अमेरिकी कंपनी २००१ मध्ये बुडाली आणि पुढच्याच वर्षी तिथे हिशोबाचा कडक कायदा झाला. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांवर एखाद्या घराण्याची पकड असते; सांभाळावा लागतो तो लहान भागधारक. उत्पादक कंपनीत मात्र शेअर कितीही असोत, प्रत्येक शेतकऱ्याला एकच मत.

२. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा. तो सभासद नसावा, असे कायदाच सांगतो. अमेरिकेत अध्यक्ष आणि मुख्याधिकारी पुष्कळदा एकच व्यक्ती असते, म्हणजे या बाबतीत आपला कायदा पुढे आहे. अध्यक्षांनीच चेकबुक खिशात ठेवले तर तो कागदावरच राहतो.

३. हितसंबंधांची नोंदवही पहिल्याच बैठकीत उघडा. खरी गोम इथेच असते. टेम्पो कोणाच्या भाच्याचा, बारदान कोणाच्या दुकानातले, आळेफाट्याच्या बाजारात माल कोणाच्या आडतीवर उतरतो, हे संचालकांच्या नावापुढे लिहा. विषय निघाला की त्या संचालकाने बाहेर बसावे. महिन्याला दोन-चार हिशोबपट्ट्या मंडळापुढे ठेवा. वजन, दर, हमाली, तोलाई मोठ्याने वाचा. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचे तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

४. तज्ज्ञ संचालक घ्या, पण बोलणारे. एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत ते घेता येतात. न्यूझीलंडच्या फोंटेरा या शेतकऱ्यांच्या दुग्धसंस्थेने २०१६ च्या फेररचनेत अकरा जणांचे मंडळ ठरवले: सात शेतकऱ्यांनी निवडलेले, चार नेमलेले. नुसती मोठी नावे मात्र कामाची नाहीत. सत्यम या आपल्याकडच्या संगणक कंपनीच्या मंडळावर नामवंत होते, तरी खोटे हिशोब उघड झाले ते २००९ च्या जानेवारीत, अध्यक्षांनीच कबुली दिली तेव्हा. ज्या रेड्याने वेद म्हटले त्याची समाधी आपल्या गावात आहे. निदान इथे तरी नंदीबैल संचालक नकोत.

५. अंतर्गत लेखापरीक्षण सनदी लेखापालाकडून करून घ्या. ते ऐच्छिक नाही.

६. मंडळाची बैठक दर तीन महिन्यांतून एकदा तरी घ्या. वार्षिक सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी द्या आणि तारीख बाजाराच्या दिवशी किंवा कांदा काढणीच्या धांदलीत धरू नका. गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद लागतात.