मतदारसंघांचा नकाशा कसा तपासावा

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्या मागोमाग प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळाकडे असते. म्हणजे ज्या पक्षाचे तिथे बहुमत, तोच पक्ष आपल्या आणि विरोधकांच्या मतदारसंघांच्या रेषा ओढतो. मतदार तेच असतात, त्यांची मतेही तीच असतात, पण रेषा सरकली की जागा सरकतात.

नकाशा पक्षपाती आहे की नाही, हे ओळखायला वकील किंवा गणितज्ञ असण्याची गरज नाही. पुढची कृती कोणालाही करता येईल. उदाहरणासाठी नॉर्थ कॅरोलिना घेऊ. या राज्यात दोन्ही पक्षांची ताकद जवळजवळ सारखी आहे आणि नकाशा वारंवार बदलला आहे. शिवाय रॅले, केरी, मॉरिसव्हिल या भागात अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यातल्या मतदारांना हा प्रश्न थेट लागू होतो.

साहित्य

चौकटींचा कागद, लाल आणि निळे पेन, पेन्सिल, खोडरबर. इंटरनेट असलेला संगणक. राज्याच्या निवडणूक मंडळाने जाहीर केलेले निकाल.

कृती

1. आधी कागदावर हात बसवा. पाच ओळी आणि पाच स्तंभांचा चौकोन काढा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने 1 ते 25 आकडे घाला. प्रत्येक चौकट म्हणजे एक मत. वरची पूर्ण ओळ निळी करा. खालच्या चारही ओळींत डावीकडच्या तीन चौकटी लाल आणि उजवीकडच्या दोन निळ्या करा. एकूण निळी मते 13, लाल 12.

आता पाच-पाच मतांचे पाच मतदारसंघ पाडायचे आहेत.

पहिला नकाशा: प्रत्येक आडवी ओळ एक मतदारसंघ. लाल पक्षाला चार जागा, निळ्याला एक.

दुसरा नकाशा: प्रत्येक उभा स्तंभ एक मतदारसंघ. लाल तीन, निळे दोन.

तिसरा नकाशा: (1, 6, 11, 16, 21), (2, 3, 4, 7, 12), (5, 8, 9, 10, 13), (14, 15, 17, 18, 19) आणि (20, 22, 23, 24, 25). निळे चार, लाल एक.

तिन्ही नकाशांत एकाही मतदाराने मत बदललेले नाही. प्रत्येक मतदारसंघ सलग आहे आणि लोकसंख्याही समान आहे. आणखी एक गोष्ट पाहा. पहिल्या नकाशाच्या रेषा अगदी सरळ आहेत आणि तरीही कमी मते असलेल्या पक्षाला चार जागा मिळाल्या. म्हणून वेडावाकडा आकार दिसला की नकाशा अन्यायी आणि सुबक दिसला की न्यायी, असे समजू नका. आकारावरून शंका घेता येते, निकाल देता येत नाही.

2. वाया गेलेली मते मोजा. हरलेल्या उमेदवाराची सगळी मते वाया. जिंकलेल्याची, विजयाला लागतात त्याहून जास्तीची मतेही वाया. पहिल्या नकाशात निळ्यांची 2 मते वरच्या ओळीत जास्तीची आहेत आणि खालच्या चार ओळींत 8 मते हरली आहेत, म्हणजे 10 वाया. लाल पक्षाचे एकही मत वाया गेलेले नाही. फरक 10, एकूण मते 25, म्हणून तूट 40 टक्के. तिसऱ्या नकाशात लालची 9 आणि निळ्यांचे 1 मत वाया जाते, म्हणजे 32 टक्के तूट उलट बाजूला. हे माप निकोलस स्टेफानोपूलोस आणि एरिक मॅघी या अभ्यासकांनी मांडले.

पक्षपाती आखणीच्या दोन्ही युक्त्या इथे दिसतात: विरोधकांना एका मतदारसंघात कोंबणे आणि उरलेल्यांना अनेक मतदारसंघांत विखरून टाकणे.

3. पेन्सिल कोणाच्या हातात आहे ते पाहा. नॉर्थ कॅरोलिनात ती विधिमंडळाच्या हातात आहे आणि या नकाशावर राज्यपालाला नकाराधिकार नाही. त्यामुळे राज्यभरातून निवडून आलेला डेमोक्रॅटिक राज्यपाल असूनही रिपब्लिकन विधिमंडळाचा नकाशा थांबत नाही. तुमच्या राज्यात विधिमंडळ, आयोग की न्यायालय, हे आधी लिहून काढा.

4. लोकसंख्येची बाब लवकर उरका. 2020 च्या जनगणनेत नॉर्थ कॅरोलिनाची लोकसंख्या 1,04,39,388 होती आणि जागा 13 वरून 14 झाल्या. एका मतदारसंघाच्या वाट्याला सुमारे 7,45,670 माणसे येतात. 1964 पासून सर्वोच्च न्यायालयाने ही समानता बंधनकारक केली आहे. पण पहिल्या पायरीतले तिन्ही नकाशे समान लोकसंख्येचेच होते, हे विसरू नका.

5. मते आणि जागा शेजारी शेजारी मांडा. 2012 मध्ये राज्यभरात प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅटिक पक्षाला निम्म्याहून किंचित जास्त मते मिळाली आणि 13 पैकी जागा मिळाल्या 4. 2016 मध्ये वाटप रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने 10-3 झाले. 2022 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखालच्या नकाशावर दोन्ही पक्षांना सात-सात जागा मिळाल्या. 2023 मध्ये विधिमंडळाने नवा नकाशा केला आणि 2024 मध्ये रिपब्लिकन 10, डेमोक्रॅटिक 4 असा निकाल लागला. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या मतदानात राज्यातला फरक सुमारे तीन टक्क्यांचा होता.

इथे एक काळजी घ्या. काही मतदारसंघांत एखाद्या मोठ्या पक्षाचा उमेदवारच नसतो, त्यामुळे प्रतिनिधिगृहाच्या मतांची बेरीज फसवी ठरते. तुलनेसाठी अध्यक्ष किंवा राज्यपाल अशी राज्यव्यापी निवडणूक घ्या.

6. शहरांवर बोट ठेवा. नकाशा मोठा करून प्रत्येक शहर किती मतदारसंघांत तुटले आहे ते मोजा. 2016 च्या नकाशात ग्रीन्सबोरोमधल्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या आवारातूनच सीमारेषा गेली होती. एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी दोन मतदारसंघांत गेले आणि दोन्हीकडे रिपब्लिकन उमेदवार निवडून आले. डोंगराळ भागातले अ‍ॅशव्हिलही दोन मतदारसंघांत विभागले होते. 2023 च्या नकाशात ग्रीन्सबोरोची गिलफर्ड काउंटी तीन मतदारसंघांत वाटली गेली.

7. विजयाचे अंतर तपासा. 2024 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकलेल्या चार जागांपैकी रॅले, डरॅम आणि शार्लट या शहरांभोवतालच्या तीन जागांवर विजेत्यांना सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त मते पडली. चौथी, ईशान्येकडची पहिल्या क्रमांकाची जागा, दोन टक्क्यांहून कमी फरकाने राहिली. ऑक्टोबर 2025 मध्ये विधिमंडळाने पुन्हा नकाशा बदलला तो नेमका याच जागेसाठी, उद्दिष्ट 11-3. एका पक्षाचे विजय प्रचंड फरकाने आणि दुसऱ्याचे बेताच्या पण सुरक्षित फरकाने होत असतील, तर कोंबणे आणि विखरणे दोन्ही झाले आहे.

8. तटस्थ नकाशांशी ताडून पाहा. ही पायरी गाळू नका, कारण मते आणि जागा यांतली प्रत्येक तफावत कारस्थान नसते. डेमोक्रॅटिक मतदार शहरांत एकवटलेले असतात, त्यामुळे प्रामाणिक आखणीतही त्यांची काही मते वाया जातात. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे एक तृतीयांश मतदार रिपब्लिकन पक्षाला मत देतात, पण राज्यभर विखुरलेले असल्याने तिथल्या नऊही जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहेत.

म्हणून संगणकाकडून पक्षांची माहिती न देता हजारो नकाशे काढून घेतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या 2016 च्या नकाशाविरुद्धच्या खटल्यात अभ्यासक जोवेई चेन यांनी असे 3,000 नकाशे मांडले. प्रत्यक्षातल्या नकाशाइतक्या कमी डेमोक्रॅटिक जागा त्यांतल्या एकाही नकाशात निघाल्या नाहीत. प्रत्येकात किमान एक जागा जास्त होती. ड्यूक विद्यापीठातल्या जोनाथन मॅटिंगली यांनी 24,000 हून अधिक नकाशांवर असेच काम केले. घरबसल्या प्रयोग करायचा असेल तर ‘डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग’ हे संकेतस्थळ मोफत आहे. तिथे स्वतः रेषा ओढा, जागा कशा बदलतात ते लगेच दिसते.

9. दाद कुठे मागता येते ते समजून घ्या. जून 2019 मध्ये रूचो विरुद्ध कॉमन कॉज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5-4 अशा बहुमताने ठरवले की पक्षपाती आखणीचा प्रश्न संघीय न्यायालये सोडवू शकत नाहीत. वंशाच्या आधारे केलेल्या आखणीची तक्रार हा वेगळा विषय राहिला. मग लढाई राज्यांच्या न्यायालयांत गेली. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पक्षपाती नकाशा रद्द केला. त्या वर्षाच्या निवडणुकीत न्यायाधीशांमधले बहुमत बदलले आणि एप्रिल 2023 मध्ये त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. तिथे न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडले जातात. म्हणून मतपत्रिकेच्या तळाशी असलेली ती नावे कोरी सोडू नका.

10. दोन्ही पक्षांना एकच माप लावा. इलिनॉयमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने आखलेल्या नकाशावर 17 पैकी 14 जागा त्यांच्याकडे आहेत आणि मेरीलँडमध्ये 8 पैकी 7. ऑगस्ट 2025 मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता 38 पैकी आणखी पाच जागा रिपब्लिकन पक्षाकडे वळवण्यासाठी नकाशा बदलला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये 50 व्या प्रस्तावाला मंजुरी दिली आणि नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा 2030 पर्यंत बाजूला ठेवला. एक राज्य रेषा ओढते, दुसरे परतफेड करते आणि दोन्ही राज्यांतले लाखो मतदार प्रतिनिधित्वाला मुकतात. आपल्या बाजूचा नकाशा पाहून बरे वाटले तर पहिल्या आणि तिसऱ्या नकाशांकडे पुन्हा पाहा. 40 टक्के तूट जितकी चूक, तितकीच 32 टक्के.

11. निष्कर्ष लिहा आणि पाठवा. एका पानावर चार गोष्टी मांडा: नकाशा कोणी केला, मते आणि जागांचे प्रमाण, तुटलेली शहरे, तटस्थ नकाशांशी तुलना. हे पान आपल्या आमदाराला द्या, जनसुनावणीत वाचा, स्थानिक वर्तमानपत्राला पाठवा. सोबत मागणीही स्पष्ट लिहा: नकाशा स्वतंत्र यंत्रणेने करावा. आयोवात 1980 पासून विधिमंडळाच्या सेवेतले अपक्षपाती कर्मचारी नकाशा तयार करतात. भारतात लोकसभेच्या मतदारसंघांची आखणी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोग करतो. कोणतीही यंत्रणा निर्दोष नसते, पण ज्याला निवडून यायचे आहे त्याच्याच हाती पेन्सिल देण्यापेक्षा या दोन्ही पद्धती शतपटीने बऱ्या.

पुढची जनगणना 2030 मध्ये आहे आणि तिच्यानंतरचे नकाशे जी विधिमंडळे काढतील, त्यांच्या निवडणुका ते नकाशे निघण्याआधीच होणार आहेत. अमेरिकेत मत असलेल्या प्रत्येक मराठी वाचकाला विनंती आहे: उमेदवार मत मागायला दारात आला की त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की स्वतंत्र आयोगाला तुमचा पाठिंबा आहे का. उत्तर ऐकून मगच मत द्या.